सर्वोत्तम खेळाडू, मुक्काम सौंदड

डोमाजी माणसाचं तोंड पाहत नसे, पाय पाहत असे. सौंदडच्या स्टेशनावर मी तिकीटबाबू म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी हा म्हातारा खिडकीशी न थांबता थेट खोलीत शिरला, टेबलाखाली वाकला आणि म्हणाला, "पाय बरे हायेत न जी, बाबू?" माझं नाव त्याने दोन महिन्यांनी विचारलं.

काळजी हा त्याचा जोडधंदा होता. मुख्य धंदा धानाची शेती. पाऊस नाही म्हणून काळजी, आला की तलावाची पाळ फुटेल म्हणून काळजी, आणि दोन्ही नसलं की "आज काहीच कसं नाही जी?" म्हणून काळजी. पण या सगळ्या काळज्यांची महाराणी म्हणजे ते चांदीचं पदक.

कोर्टाच्या कामाला भंडाऱ्याला गेला असताना एका वकिलाने त्याला सांगितलं, की नागपुरात कॉलेजची पोरं फुटबॉल नावाचा खेळ खेळतात आणि तो सगळा पायांचा कारभार असतो. डोमाजीचे डोळे चमकले. विद्यापीठात दरसाल जो सगळ्यांत चांगला खेळेल त्याला आपल्यातर्फे पदक, असं त्याने वकिलाकडून कळवलं. अट एकच. नाव तिकडे जाहीर करा, पण पदक घ्यायला पोराने उन्हाळ्यात सौंदडला यावं, डोमाजीच्या घरी जेवावं आणि तलावाच्या पाळीवर पडलेली नवी माती गावाबरोबर तुडवावी.

विद्यापीठातल्या मंडळींना हसावं की रागवावं कळलं नसेल. पण चांदी ती चांदी.

"विद्यापीठातला सगळ्यात बरा पाय आमच्या पाळीवर पडला, का मंग पाळ फुटत नाही," असं डोमाजी छाती पुढे काढून सांगे. गाव हसे. एका वर्षी निवड झाली गोलकीपरची. हे कळल्यावर डोमाजी दोन दिवस जेवला नाही. "हातानं खेळते म्हणते! मले हातं काय कराचे हायेत जी?" शेवटी गोलकीपर आला, त्याला बाजेवर बसवून त्याचे तळवे डोमाजीने म्हैस पारखावी तसे पारखले आणि मगच भाताचं ताट पुढे आलं.

यंदाचा पोरगा पाळ तुडवायच्या आदल्या दिवशी यायचा होता. आला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच डोमाजी फडक्यात घरची भाकरी बांधून फलाटावर हजर. "येऊन रायला न जी तो?" मी म्हटलं, "येईल." "अन् नाही आला त?" "उद्या येईल." "उद्या येऊन का करते जी? पाळ त आज हाय!" रुळावर कान लावण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा मी त्याला हाताला धरून उठवलं. मी चिडलो होतो, तरी त्याला बाकावर बसवून पाणी दिलं.

गोंदियाहून गाडी आली. पोरगा उतरला तो काठी टेकत. घोट्याला हे एवढं फडकं. शेवटच्या सामन्यात दुखावलेला पाय अजून बरा झाला नव्हता.

"अरे बापा, हा कोणता पाय आणला रे?" डोमाजी त्याच्या घोट्याशी उकिडवा बसला. मग भाकरीचं फडकं सोडून म्हणाला, "आधी खा. पयले खा, मंग बोल."

गाडी गेल्यावर मला काम नव्हतं. त्यांच्या बैलबंडीत मीही चढलो.

पाळीवर सारा गाव जमला होता. कोतवाल एकेका घराचं नाव पुकारत होता, आणि त्या घरचा तरणा गडी "हाव!" म्हणून ओल्या मातीत उतरत होता. रीतच होती तशी, घरटी एक गडी. त्या दिवशी ज्याच्या चुलीचं खाल्लं, तो त्या घरचा. मी शेजारच्या माणसाला विचारलं, "ज्याच्या घरी पोरगा नाही, त्याचं काय?"

"त्याले माफी हाय जी. बुढ्याबुढीचं घर पुकारतच नाही. डोमाजीचंही पयले सोडूनच देत होते."

ऐकलं आणि ते पदक, ते जेवण कशासाठी ते मला उमगलं. पाळ फुटायची भीती कसली, अन् बरा पाय कसला! गाव त्याच्यावर दया करत होतं, आणि त्या दयेत त्याचं घर गावातून दरसाल पुसलं जात होतं.

"डोमाजीचं घर!"

सगळ्यांनी काठीकडे पाहिलं. डोमाजी पुढे झाला. त्याने हात जोडले. "यंदा माफी द्या जी. पोट्ट्याचा पाय दुखते. मातीत रुतला त जलमाचा जाईन."

पोरगा पुढे आला. त्याला किती कळलं कोण जाणे. काठी माझ्या हातात देऊन त्याने डोमाजीच्या खांद्यावर हात टाकला, दुखरा पाय वर धरला आणि दुसरा मातीत टाकून ओरडला, "हाव!"

"अरे, हळू! हळू रे!" म्हणत डोमाजी त्याला सावरत मातीत उतरला. दोघांनी मिळून तीन पायांनी पाळ तुडवली. म्हातारा रडत होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

या गडबडीत पदक राहिलंच. संध्याकाळची गाडी हलल्यावर मला आठवलं. मी खिडकीबरोबर पळत ओरडलो. पोराने बाहेर डोकं काढून फलाटावरच्या डोमाजीला सांगितलं,

"पुढच्या उन्हाळ्यात घेईन, आजोबा!"

गाडी गेली. डोमाजीने कमरेला खोचलेलं पदक चाचपलं. मग घाबराघुबरा होऊन माझ्याकडे वळला.

"बाबू, हा येईन, अन् पुढच्या सालचा नवाही येईन. दोघायले निजाले जागा पुरंल न जी माह्या घरी?"