गौस सरांच्या तीन चौकटी

आमच्या उदगीरच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक गौस सर कोणतेही चित्र दाखवताना त्याखालचा मजकूर तळहाताने झाकत. "आता सांगा, काय झालं?" पाहणाऱ्याला सांगता आले नाही, तर ते चित्राला नापास करत आणि त्याचे चार तुकडे करून खिशात टाकत. आम्ही बाकीचे शिक्षक जन्मभर पाहणाऱ्यालाच नापास करत आलो होतो.

त्यांचे नियम कडक होते. एका चौकटीत एकच घटना घडावी. पात्राने मध्येच कपडे बदलू नयेत. "सदरा बदलला की माणूस बदलला, गुरुजी."

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कार्यालयाला पाटी आली होती, पाणी यायचे होते. त्या वर्षीच्या दुष्काळात हगवणीने लेकरे दगावू लागली, तेव्हा मीठ-साखरेच्या पाण्याचे भित्तिपत्रक काढण्याचे काम सरांकडे आले. त्यांनी ओळीने तीन चौकटी काढल्या: मलूल लेकरू, पाणी पाजणारी आई, खेळणारे लेकरू. नव्या कार्यालयातल्या साहेबांनी त्या पसंत केल्या.

छपाईच्या आदल्या दिवशी सरांनी चित्र शेजारच्या बिस्मिल्लाखालांना दाखवले. खालांचे वाचन उर्दूपुरते; नजर उजवीकडून निघाली.

"चांगलं खेळून राहिलं होतं की," खाला म्हणाल्या. "आईनं काय की पाजलं, अन् पडलं बघा. कसली आई म्हणावी ही."

चित्राचे चार तुकडे झाले.

दुसऱ्या दिवशी चौकटी एकाखाली एक काढून सर लातूरला साहेबांपुढे उभे राहिले. सोबतीला मी होतो.

"एवढा खटाटोप कशाला? एक, दोन, तीन आकडे टाकायचे," साहेब म्हणाले. "जुनंच द्या, न्हाई तर दुसरा पेंटर बघतो."

सरांनी खिशातले तुकडे टेबलावर ठेवले. "आकडाबी वाचावाच लागतो, साहेब. ह्या मावशीला इचारा."

घागर घेऊन आलेल्या मावशीने नवे चित्र वरून खाली पाहिले. "लेकरू आजारी हाय. आईनं पाजलं. बरं झालं." साहेबांनी सही केली.

परतीच्या एसटीत मी विचारले, "आकडे टाकले असते तर काय बिघडलं असतं, सर? काम जाता जाता राहिलं."

"बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात माझी लेक अशीच पडली, गुरुजी. डॉक्टरनं समदं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, आकडे घालून. वाचणारा मी एकटा, अन् मी परीक्षेला नांदेडला."

सरांनी खिडकीची काच वर सरकवली.

"बायकोला दुसरं काही सुचलं न्हाई. चिठ्ठीची घडी करून तिनं लेकीच्या दंडाला बांधली, तावीजासारखी."