अजिंक्य रियाध संघाच्या बेसबॉल मोहिमेची व मेहुण्याच्या अदलाबदलीची हकीकत

स्वस्ति. चहूंकडे वाळवंट, मध्ये रियाध शहर, तेथे मेट्रो सुरू जाहलियावरी दुसरे साली मरहट्टे लोकांनी बेसबॉलाचे कारणे जे युद्ध मांडिले, ते जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे घातले असेल तितके गोड मानून घ्यावे.

राजमान्य गुरुनाथराव, बँकेचे सर्व्हर राखणार, हे अजिंक्य रियाध संघाचे सरलष्कर. फौज सारी आयटीवाली, जन्म क्रिकेटात गेलेला. त्या हंगामी अकरा लढाया जाहल्या आणि अकराही ठायी शिकस्त खाल्ली. मग लीगच्या दरबारातून फर्मान सुटले की बारावी हरल्यास संघ बरखास्त, खलास. गुरुनाथरावांस अन्न गोड लागेना. हपिसात त्यांस कोणी विचारीत नसे. मुलखात 'कॅप्टन' म्हणणारे एवढे आठच जण होते, तेही गेले तर उरले काय?

मग खलबत केले. दक्षिणेकडील डोंगरातल्या खमीस मुशैतच्या संघाचे सुभेदार उमाकांतराव यांजपाशी रफीकमिया रत्नागिरीकर नामे जबरदस्त पिचर होता. लहानपणी खाडीपलीकडचे नारळ दगडाने पाडी, ऐसी ख्याती. त्यास मागितले. जाब आला की बदल्यात शिरीषराव द्यावे. शिरीषराव म्हणजे फौजेतील एकमेव बॅटबहाद्दर, आणि त्याहून मोठा पेच हा की सरलष्करांच्या कुटुंब सुनेत्राबाईसाहेब यांचे सख्खे धाकटे बंधू. गुरुनाथरावांनी काळीज घट्ट करून व्हॉट्सअॅपावर तह मुक्रर केला, आणि कफीलाची, म्हणजे ज्याचे हमीवर चाकरी त्या धन्याची, शाखा तेथेही असल्याकारणे शिरीषराव इकामा नामे रहिवासाचा परवाना घेऊन रवाना जाहले.

बाईसाहेब इतकेच बोलिल्या, "माझा भाऊ म्हणजे ऑफिसातली खुर्ची आहे का रे, इकडून तिकडे सरकवायला?" आणि अबोला धरिला.

बारावी लढाई नेमकी खमीसकरांशीच पडली. मग शुक्रवारी, तिसरे प्रहरची अस्राची नमाज उरकलियावरी, अल सुलैच्या गोदामांमागे उभय सैन्ये भिडली. बाईसाहेब चहाचा थर्मास घेऊन गनिमाच्या छावणीत बसल्या, हे पाहोन गुरुनाथरावांचे अर्धे बळ गळाले. रफीकमियांनी मात्र ऐसे चेंडू फेकिले की ते दिसेनात, नुसते ऐकू येत. अखेरीस अजिंक्यकर एका धावेने पुढे, गनिमाचे दोन गडी बाद, तिसरा पडताच लढाई खलास, एक तिसऱ्या तळावर टपलेला, आणि शिरीषराव बॅट परजीत सामोरे आले.

"दाजी, सांभाळा हं," म्हणोन त्यांनी बॅट लाविली. चेंडू दहा हातांवर पडला. तेव्हा जन्माची खोड उफाळली; पंजा उभारून "नो, नो, थांब" ऐसे ओरडून शिरीषरावांनी तिसऱ्या तळावरील गड्यास परत धाडिले आणि आपण पाय रोवून विकेट राखीत उभे राहिले. येथे बॅटवाल्यास धावणे प्राप्त, हे साफ विसरले. रफीकमियांनी चेंडू उचलिला, तर तेही त्याच तालमीतले.

"कॅप्टन, मारू कुठे? स्टंपच नाहीत."

गुरुनाथरावांस एकट्यास नियम आठवला की बॅटवाल्याआधी चेंडू पहिल्या तळी पोचला तर तो बाद. मग त्यांनी चेंडू हिसकाविला, आणि पोट सावरीत खासे पहिल्या तळाकडे धावले, आणि शिरीषराव उमगून निघतात तो दाजी तळावर पालथे पडलेले. पंचांनी हात वर केला. फत्ते जाहली, संघ तरला.

बाईसाहेबांनी उमाकांतरावांस चहा दिला, आणि मग पंधरा दिवसांत प्रथमच यजमानांशी बोलिल्या, "अभिनंदन. पुढच्या हंगामाला शिरीष इकडे, तू खमीसला. माझं बोलणं झालंय."

येणेप्रमाणे हंगामातील एकमेव फत्ते दफ्तरी दाखल केली. सरलष्कर सांप्रत खमीस मुशैतास सुखरूप असोन, हवा थंड आहे, प्रकृती उत्तम आहे, आणि तेथील फौज त्यांस 'शिरीषचे दाजी' म्हणोन हाक मारिते.