इंदूसिस्टर वजन उतरवतात

आमच्या इस्पितळात पेशंटच्या आधी सिस्टर जेवत. चोरून नव्हे, अगदी राजरोस. पेशंटच्याच कॉटवर बसून, त्याच्याच डब्यातलं. जिल्ह्याच्या एखाद्या साहेबाने हे पाहिलं असतं तर त्याला घेरीच आली असती. मी तिथला क्लार्क. नोकरीवर हजर झालो त्या दिवशी मीही हबकलोच होतो.

पण त्यामागे शास्त्र होतं. आजारी माणूस अन्न नको म्हणतो. घरचे विनवतात, रागावतात, देवाची शपथ घालतात, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मग इंदूसिस्टर येत. स्टुलावर त्या मावत नसत, म्हणून कॉटच्या कडेला बसत. डबा उघडून, पेशंटकडे ढुंकूनही न बघता जेवायला लागत. "पयलो घास माझो," म्हणत. "तुका नको तर नको. माका भूक लागल्या." मग कुळथाच्या पिठीत मीठ जरा जास्त झालंय, सून नवी काय, अशी चौकशी सुरू होई. आता सुनेचा विषय निघाल्यावर गप्प बसेल असा म्हातारा आमच्या किनाऱ्यावर अजून जन्मायचा आहे. तो बोलायला तोंड उघडी आणि सिस्टर त्यात घास घालून मोकळ्या होत.

हे असं प्रत्येक कॉटवर. कुणाची पेज, कुणाचं मोरी माशाचं कालवण, कुणाचे घावणे. देवगडपासून शिरोड्यापर्यंतच्या चुली इंदूसिस्टरांच्या जिभेला ठाऊक होत्या. त्यात पाळीची नोकरी. एक आठवडा सकाळपाळी, एक दुपारपाळी, एक रातपाळी. त्यांच्या पोटाला घड्याळ कसलं ते नव्हतंच. जेव्हा डबा येई तेव्हा जेवणवेळ. बाई चहूबाजूंनी वाढत गेल्या आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

वाटलं ते डॉक्टरांना. डॉक्टर तरुण, घाटावरचे, माणूस सज्जन पण नियमाचा पक्का. एकदा सहज म्हणून त्यांनी सिस्टरांचं ब्लडप्रेशर पाहिलं आणि पट्टा सोडायचंच विसरले. पुन्हा पाहिलं. मग खोलीचं दार लावून त्यांनी सांगितलं, की गणपतीच्या चवथीपर्यंत वजन उतरलं नाही तर वॉर्ड बंद. केसपेपरच्या खिडकीवर बसायचं.

खिडकीवर म्हणजे माझ्या शेजारी. तशी जागा वाईट नाही, मी तिथे सुखाने बसत होतो. पण इंदूसिस्टरांना वॉर्डातून काढणं म्हणजे किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकराला घाटावर नेऊन बसवणं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मी हातातली फाईल खाली ठेवली. इतकी भ्यालेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि ती आजाराला भ्याली नव्हती.

मग सुरू झाला तो वजन उतरवण्याचा यज्ञ. डॉक्टरांनी सकाळी आठला काय, दुपारी एकला काय, रात्री आठला काय ते समजावून सांगितलं. सिस्टरांनी आपल्या ऑफिसच्या मराठीत विचारलं, "आठ म्हणजे कोणच्या पाळीतले? रातपाळी सुटली की आठ वाजता मी निजते. मग माझे आठ ते नाश्त्याचे की जेवणाचे?" डॉक्टरांनी लिहिलेलं वेळापत्रक खोडलं. शेवटी, उठल्यावर तासाभराने सकाळ झाली असं समजा, असं त्यांनी ठरवून दिलं. त्यातून एवढंच झालं, की सिस्टर चूक नको म्हणून डॉक्टरांच्या घड्याळानेही जेवू लागल्या आणि आपल्याही.

भात बंद करायला सांगितला होता, तो त्यांनी इमानेइतबारे बंद केला. घरून नाचणीची भाकरी आणू लागल्या. पेशंटच्या डब्यातल्या भाताचं काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, तो पेशंटाचो.

मग वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर, चालणं निघालं. सकाळी वाळूतून लांबवर चालायचं. पण चालता चालता रापण ओढणारे दिसले की बाईंच्या हाताला राहवेना. त्या पदर खोचून दोराला लागत. आमच्याकडे रीत अशी, की जो दोराला हात लावील त्याला वाटा. त्यामुळे वजन उतरवायला गेलेल्या सिस्टर रोज ताजे फडफडीत बांगडे घेऊन परत येत. आता ताजा बांगडा तळून डब्यातून वॉर्डात आल्यावर त्याचं काय होतं ते मी वाचकांना सांगायला नको.

काटा काही हलेना. तेव्हा त्यांनी खोटा घास काढला. कॉटवर बसायचं, बोटं डब्यात घालायची, रिकामी मूठ तोंडाशी न्यायची आणि मिटक्या मारायच्या. दोन दिवस हे नाटक बरं चाललं. तिसऱ्या दिवशी गाठ पडली ती धामापूरच्या एका आजोबांशी. त्यांची म्हातारी नुकतीच गेली होती आणि त्यांनी अन्नपाणी सोडलं होतं. धाकट्या लेकाने एस.टी.तून आणलेला डबा तसाच पडून होता. सिस्टरांनी दोन-तीन खोटे घास खाल्ले. आजोबा बघत होते.

"बाय," ते म्हणाले, "तुझ्या हातात घास खंय आसा?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सिस्टरांनी डबा मांडीवर ओढला. मग भात कालवून त्यांनी खराखुरा, मूठभर घास घेतला. मग दुसरा. आजोबांचं तोंड हळूहळू इकडे वळलं. मी औषधांचा हिशेब घेऊन दाराशी उभा होतो आणि माझ्यामागे डॉक्टर. ते आल्या पावली मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला. महिनाभर रजा. घरी बसायचं, विश्रांती घ्यायची, वॉर्डाचं तोंडही बघायचं नाही. सिस्टर रडल्या, पण गेल्या.

आणि काय सांगू, चमत्कार झाला. दर रविवारी त्या काट्यावर उभ्या राहायला येत आणि दर रविवारी काटा मागे सरकलेला असे. ब्लाउज खांद्यावरून ओघळू लागले. बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टर इतके खूश झाले, की गावातल्या प्रत्येक पोटाळ दुकानदाराला इंदूसिस्टरांचा दाखला देऊ लागले. बायका त्यांना वाटेत गाठून गुपित विचारत. त्या हसत आणि मन घट्ट व्हया, एवढंच म्हणत. मीही ऑफिसात त्यांच्या निग्रहाची वाखाणणी करत होतो. मला स्वतःला भजी दिसली की सगळे निग्रह आठवेनासे होतात, त्यामुळे माझा आदर खराखुरा होता.

आमची मंडळी, म्हणजे मंदा, बरेच दिवस माझ्या पोटाकडे रोखून बघत होती. तिने एका दुपारी मला सिस्टरांकडे पिटाळलं. त्या नेमकं काय खातात ते विचारून या, उद्यापासून तुम्हालाही तेच. त्यांचं बिऱ्हाड आमच्या शेजारीच, मध्ये फक्त कमरेएवढा दगडी गडगा. मी मागच्या दाराने गेलो.

स्वयंपाकघरात बांगड्याच्या तिखल्याचा वास घमघमत होता. उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, सगळं होतं. ताट वाढलेलं होतं आणि सिस्टर त्याच्यासमोर पाटावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. भातावरची वाफ केव्हाच गेली होती. दाराशी त्यांचं मांजर बसलं होतं, आणि त्याचं अंग मात्र चांगलंच भरलेलं होतं.

मला बघून त्या आधी ओशाळल्या. मग म्हणाल्या, "रोज शिजवतंय, भाऊ. रोज वाढून घेतंय. हात ताटात जाता आणि थयच ऱ्हवता. समोर कोण नाय तर माका घास गिळूक येना नाय."

पोरवयात त्या नर्सिंग शिकायला घराबाहेर पडल्या होत्या. तिथे मेस, मग वॉर्ड, मग दुसरा वॉर्ड. भाऊ मुंबईला, लग्न राहूनच गेलं. सगळं आयुष्य त्या लोकांच्या डब्यांत जेवल्या होत्या, आणि लोकांना वाटे की त्या पेशंटला जेवायला घालतात. डॉक्टरांना सांगू नका, अशी गळ त्यांनी मला घातली. आपण मन घट्ट केलं असं त्यांना वाटतंय, तर वाटू दे. वॉर्ड तरी परत मिळेल.

मी म्हटलं, सिस्टर, मी बसतो तुमच्याबरोबर.

"आज तुमी बसशात," त्या म्हणाल्या. "फाल्या कोण बसतलो?"

मी घरी आलो. मंदाने पानं वाढली होती. माझं सांगून होईपर्यंत ती उभीच होती. मग तिने एका हातात स्वतःचं ताट घेतलं, दुसऱ्या हातात माझं, आणि मला मासळीचा टोप घेऊन मागोमाग यायला सांगून ती गडगा ओलांडून गेलीसुद्धा.

चवथीला डॉक्टरांनी सिस्टरांना वॉर्ड परत दिला. वजन पुढेही फारसं वाढलं नाही. कारण आता त्या घरून जेवून येत आणि प्रत्येक डब्यातला एकच घास घेत. खरा. वजन वाढलं ते आमचं. सिस्टरांच्या पाळीप्रमाणे आम्ही कधी अकराला जेवू लागलो, कधी चारला, आणि मधल्या वेळेत भूक लागते म्हणून मध्येही. आमची दोन ताटं तर त्यांच्याकडेच राहू लागली, उगाच ने-आण कशाला. डॉक्टर हल्ली मला काट्यावर उभं करतात आणि शेजारच्या बाईंकडून काही शिका म्हणतात. मी बरं म्हणतो.

एकदा मंदाच्या चुलतबहिणीचं लग्न शिरोड्याला निघालं. दोघांनाही जाणं भाग होतं आणि सिस्टरांना रजा नव्हती. लग्नात माझं लक्ष नव्हतं. समोर जिलेबी आली तरी माझ्या डोळ्यांपुढे ते वाफ गेलेलं ताट. मंदाचंही तेच असावं, कारण मुक्काम सोडून आम्ही संध्याकाळच्याच गाडीने परतलो. घरात न शिरता तडक पलीकडे गेलो. सिस्टर भांडी घासत होत्या. मंदाने विचारलं, जेवलात का?

"जेवलंय गो," त्या म्हणाल्या. "तुमची दोन ताटां समोर मांडलंय. रिकामीच. तुझा हयसर, भाऊंचा थयसर. आणि जेवलंय."

मग त्यांनी ती दोन्ही स्वच्छ ताटं पुन्हा विसळायला घेतली.