गणूअण्णा आणि एकच भाव

गणूअण्णांना एखादी गोष्ट फुकट दिली तरी ते तिचा भाव करतात.

आमच्या आईने एकदा माझ्या हाती त्यांच्याकडे वाटीभर आमटी पाठवली. अण्णांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "एवढी न्हाई जमायची. अर्धी ठिव."

"अण्णा, विकायला नाही आणली. आईने दिलीय."

"त्ये कळलं रं. पर अर्धी ठिव."

बरीच बोलाचाली होऊन पाऊण वाटीवर तोड निघाली. उरलेली आमटी मी रस्त्यातच पिऊन टाकली.

वैद्यबुवांनी आठवड्याचं पथ्य सांगितलं की अण्णा तीन दिवसांपासून सुरुवात करतात. न्हाव्याशी त्यांचा खरा वाद अर्धी दाढी झाल्यावर सुरू होतो, आणि तो मिटेपर्यंत भोरच्या बाजारपेठेला त्यांचा एकच गाल गुळगुळीत दिसतो. एकदा कुंभाराने घाईत असताना अण्णांनी मागितलेल्या पहिल्याच भावाला "घ्या" म्हणून टाकलं. अण्णा माठ तिथंच ठेवून घरी आले. आमच्या आईने विचारलं तर म्हणाले, "माजं काय चुकलं का वो, वैनी? बोललाच न्हाई त्यो."

त्यांचं पालुपद एकच, "बसा, मंग बोलू." समोरचा माणूस उभा असला तर अण्णा कशाचाच भाव करत नाहीत.

आता या माणसाशी माझं वाकडं कसं आलं ते सांगतो.

आमचं तरुण मंडळ मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा साक्षरतेचा वर्ग चालवतं. हमाल, सालगडी, लाकूडतोडे दिवसभर राबून येतात आणि पाटीवर अक्षरं गिरवतात. उजेडासाठी दगडू वाजंत्र्याची गॅसबत्ती आम्ही मागून आणत होतो. लग्नसराई आली तशी दगडूला वरातींसाठी बत्त्या लागू लागल्या. त्याला एक जुनी बत्ती विकायची होती आणि ती आम्ही घेणार होतो, पण सारोळ्याचा एक जण ती घ्यायला टपला होता. दगडूने आम्हाला निर्वाणीचं सांगितलं, "येत्या बाजाराला सांजच्यापतूर पैसं द्या, न्हाईतर मी मोकळा." बत्ती गेली असती तर वर्ग बंद पडला असता. चिमणीच्या उजेडात चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना पाटी दिसत नाही.

सावकारापुढे हात पसरायचा नाही, असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने संमत झाला. त्याऐवजी मंडळातल्या पोरांच्या आईबापांनी घरी केलेल्या वस्तू आठवडी बाजारात विकायच्या ठरल्या. पालकांची बैठक बोलावली. माझी आई कुरडया देणार होती. मंडळातल्या हुसेनची आई गोधड्या शिवणार होती. मार्गासनीच्या एका सभासदाचे वडील बांबूच्या टोपल्या विणून आणणार होते.

बैठकीत सर्वांत आधी येऊन बसले होते गणूअण्णा. त्यांचा मुलगा शिवा पूर्वी मंडळात होता, पण गेल्या वर्षी तो मुंबईला गिरणीत लागला. मी जवळ जाऊन म्हणालो, "अण्णा, ही सभासदांच्या पालकांची बैठक आहे. शिवा आता मंडळात नाही."

"म्हंजे मी बाप न्हाई का आता?"

मी हजेरीच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं. अण्णा राहिले.

बैठकीत मी सांगितलं की आपल्या दुकानात एकच भाव असेल. घासाघीस म्हणजे एकमेकांवरचा अविश्वास, आणि तो गाडायचा असेल तर सुरुवात आपण करायला हवी. या विषयावर मी आधीच एक पत्रक लिहिलं होतं आणि ते चांगलं उतरलं होतं, असं मला अजूनही वाटतं.

अण्णा म्हणाले, "भाव लिवून टांगला तर माणूस थांबंल कशापायी?"

"वस्तू घ्यायला थांबेल."

"वस्तू घ्यायला कोन बाजारात येतंय, पुढारी?"

सगळे हसले. मी एकच भावाचा ठराव संमत करून घेतला आणि अण्णांना बाजूला सारलं. बाजारच्या दिवशी गिऱ्हाइकांना पाणी देण्याचं काम त्यांच्याकडे दिलं. घागर मागच्या बाजूला, म्हणजे गिऱ्हाइकापासून लांब ठेवली.

बाजारच्या दिवशी सकाळी आम्ही चिंचेखाली मांडणी केली. फळ्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं, "एकच भाव", आणि त्याखाली प्रत्येक वस्तूची किंमत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवायला मी स्वतः उभा होतो.

वेल्ह्याकडच्या दोघी बाया आल्या. एकीने टोपली उलटी करून बूड दाबून पाहिलं. "केवढ्याला?"

मी किंमत सांगितली.

"बरं, द्यायचं बोला."

"हीच द्यायची, बाई. एकच भाव आहे."

तिने टोपली हळूच खाली ठेवली. "म्हंजे आमी बोलायचंच न्हाई?" ती सोबतिणीकडे वळली. "चल गं. हितं बोलू द्येत न्हाईत."

सकाळभर तेच. लोक येत, बोटांनी गोधडीची शिवण तपासत, "एकच भाव" ऐकत आणि कुणी अपमान केल्यासारखं तोंड करून निघून जात. दुपारपर्यंत कचेरीतल्या एका कारकुनाने थोड्या कुरडया नेल्या, त्याही न बोलता. दगडू वाजंत्री समोरून जाता जाता सांगून गेला, "सारोळ्याचा मानूस आलाय बाजारात. च्या पितोय."

हुसेनची आई माझ्याकडे बघत म्हणाली, "तुजं पत्रक गोधडीत भरलं असतं तर ऊब तरी आली असती, बाबा."

तेवढ्यात अण्णा घागर घेऊन पुढे आले. मला काही न विचारता त्यांनी फळा काढला, उपडा घातला आणि त्यावर मांडी ठोकून बसले. समोरून एक म्हातारबा चालले होते. अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसा, मंग बोलू."

म्हातारबा बसले. अण्णांनी गोधडीची किंमत फळ्यावरच्या दुप्पट सांगितली. मी पुढे धावलो. "अण्णा, हे खोटं आहे."

"तुजा भाव माज्या बुडाखाली हाय. गप बस."

म्हातारबांनी फारच कमी मागितली. अण्णांनी छातीला हात लावला. मग लेक कुठं दिली ते निघालं, म्हातारबांच्या गुडघ्याचं दुखणं निघालं, औंदा आंबेमोहराचं बियाणं कुणाकडून घ्यायचं ते निघालं, मधूनच भाव एकेक आणा खाली-वर सरकत होता. शेवटी सौदा ठरला तेव्हा मी कान टवकारून ऐकलं. बरोबर फळ्यावर लिहिलेलीच किंमत. म्हातारबा जिंकल्यासारखे गोधडी खांद्यावर टाकून गेले.

प्रत्येक सौद्याचं असंच झालं. अण्णा कधी आभाळातून सुरुवात करत, कधी रुसत, एकदा तर उठून चालायला लागले आणि गिऱ्हाइकाने त्यांना हाताला धरून परत आणलं. पण शेवट न चुकता माझ्याच आकड्यावर. सकाळच्या वेल्ह्याकडच्या बायाही परतल्या आणि दोन टोपल्या घेऊन, वर अण्णांना माहेरची सगळी हकिकत सांगून गेल्या. उन्हं उतरली तेव्हा फक्त एक टोपली उरली होती. दगडूचे पैसे दिले, बत्ती आमची झाली. सारोळ्याच्या माणसाला दुसरा चहा प्यावा लागला.

अण्णा ती उरलेली टोपली हातात फिरवत होते. "ही मी न्हेईन म्हन्तो. केवढ्याला लावनार?"

माझं मन भरून आलं होतं. मी म्हणालो, "अण्णा, तुमच्याकडून पैसे? तशीच न्या. आज तुम्ही वर्ग वाचवलात."

अण्णांनी टोपली खाली ठेवली, घागर उचलली आणि तिच्यातलं उरलेलं पाणी चिंचेच्या मुळाशी ओतू लागले.

हुसेनची आई माझ्या कानाशी आली. "काय केलंस रं? त्यांच्या घरात हाय कोन आता? शिवाची आई वारली, शिवा तकडं मुंबईला. बाजाराचा दिस सोडला तर मानूस त्वांड उगडत न्हाई. आनि तू म्हन्तोस, तशीच न्या."

मला आमटीची वाटी आठवली. कुंभाराकडे राहिलेला माठ आठवला.

मी फळ्यावर जाऊन बसलो. उपडाच होता, तसाच राहू दिला. तांब्यात पाणी शिल्लक होतं, तो पुढे केला.

"अण्णा, बसा. मग बोलू. टोपली मार्गासनीची आहे, स्वस्तात जायची नाही."

अण्णांनी घागर खाली ठेवली. माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि बसले. "बोल."

मी दुप्पट सांगितली. "चौपट सांगायची, येड्या," ते म्हणाले, "मला वळखतोस न्हवं?" मी चौपट सांगितली. त्यांनी छातीला हात लावला.

अंधारून आलं तशी हुसेनने बत्तीला हवा मारून ती चिंचेच्या फांदीला अडकवली. वर्गाकडे निघालेले हमाल उजेड बघून तिकडेच वळले आणि पाट्या मांडीवर घेऊन भोवती बसले. कुणी अण्णांच्या बाजूने बोलू लागलं, कुणी माझ्या. मी विचारलं, "शिवाचं कसं चाललंय?" आणि भाव बराच वेळ तिथंच थांबला.

शेवटी आम्ही फळ्यावरच्या किमतीच्या अगदी जवळ आलो. फक्त एका पैशाचं अंतर होतं. अण्णा तिथं थांबले आणि धोतर झटकत उठले.

"आज न्हाई जमत. उद्या बोलू."

"उद्या वर्गावर या," मी म्हणालो.

तत्त्व म्हणून मी आजही एकाच भावाच्या बाजूचा आहे आणि तसं छापूनही म्हणेन. पण ती टोपली आमच्या वर्गात खुंटीला टांगलेली आहे. अण्णा रोज दिवेलागणीला येतात, तिचं बूड दाबून बघतात आणि बत्तीखाली बसतात. आमचं अजून एका पैशावर अडलेलं आहे. मी तर मुळीच सोडणार नाही.