वाघ नसलेली जागा

"वाळवंटात वाघ नसते, हे तुमाले पक्कं माहीत आहे न?" जयाने सातव्यांदा विचारलं.

"अवं, पानी नाई, झाड नाई. वाघ काय वाळू खाईन?" आदेशने तंबूची खुंटी ठोकत ठणकावलं.

पिपरी मेघेहून तीन दिवस गाडी हाकत तो बायको आणि बारा वर्षांच्या सुरभीला घेऊन जैसलमेरच्या पुढे आला होता, तो याच एका भरवशावर. वाघांसाठी राखलेल्या बोरच्या जंगलात तंबू ठोकायचं नाव काढलं की जयाला ताप यायचा. त्यात गेल्या महिन्यात रोहणा गावी तिच्या सासऱ्यांच्या शेतात मोठ्ठे पंजे उमटलेले दिसले. सासरे रूपराव म्हणाले, "कुत्र्याचे असन." जयाने मात्र तेव्हापासून शहरातल्या घरालाही दोन कुलपं लावली. शेवटी आदेशने शब्द दिला होता : वाळवंटात वाघ निघाला, तर यापुढची प्रत्येक सुट्टी घराजवळच्याच नालवाडीला, मेव्हण्याच्या गच्चीवर.

ऊन उतरलं. फाल्गुनातला गार वारा सुटला. सात वाजले आणि वाघाने डरकाळी फोडली.

हातोडी आदेशच्या पायावर पडली. तिघंही गाडीकडे धावले. सुरभीची एक चप्पल वाळूतच राहिली. आदेशने धडाधड दारं लावून घेतली, काचा चढवल्या आणि मारुतीचा धावा सुरू केला.

"गच्ची बरी होती," जया दात आवळून म्हणाली.

दुसरी डरकाळी आली ती थेट मानेमागून.

"गाडीतच आहे वं माय!" जया किंचाळली. आदेशने दार उघडायला म्हणून भलतंच बटण दाबलं आणि काच पुसणाऱ्या दांड्या फराफरा नाचू लागल्या. आपलं आता काही खरं नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

सुरभीने मात्र मोबाइलचा उजेड मागे मारला. डिक्कीतल्या ताडपत्रीच्या गुंडाळीतून एक भोंगा डोकावत होता.

"बाबा, हे तं आबाजीचं डुकरं हाकलाचं मशीन आहे!"

गव्हात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी रूपरावांनी ते नवंच आणलं होतं. संध्याकाळी सात वाजले की आपोआप वाघासारखं डरकाळायचं. निघताना रोहण्याला थांबून आदेशने गोठ्यातून ताडपत्री उचलली, ती न उलगडताच. दोन्ही दिवस सातला ते हॉटेलात होते आणि गाडी आवारात; कालच्या हॉटेलातला पहारेकरी सकाळी का दिसला नाही, तेही आता कळलं.

सुरभीने मशीन बंद केलं. जया डोळ्यांत पाणी येईतो हसली. आदेशचा शब्द राहिला. पण मशीन इथे, म्हणजे तिकडे दोन रात्रींत डुकरांनी गहू साफ केला असणार. त्याने भीतभीतच फोन लावला.

"बाबा, गव्हात डुकरं आलते का?"

"एकबी नाई!" रूपराव खुशीत होते. "आपल्या गड्याले, नीलेशले, मशीन लावाले सांगतलं होतं, मस्त लावलं पोरानं. तीन दिवसापासून असं बोलून राह्यलं का बस! आज तं गोठ्यापाशीच लावलं वाट्टे, बैलं बिचकून राह्यले. थांब, बंद करून येतो."

आदेशने मांडीवरच्या मशीनकडे पाहिलं.

"बाबा, भाईर नका जाऊ! मशीन माह्यापाशी आहे!"

पलीकडे चपलांचा आवाज मध्येच थांबला.

"मंग हे कोन बोलून राह्यलं?"

त्यानंतर चपलांची पळापळ ऐकू आली. दार आपटलं, कडी लागली, आणि काहीतरी जड दाराशी ओढल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाजात रूपराव म्हणाले,

"आदेश, तिथं वाघ नाई न रे? पक्कं?"

"नाई, बाबा."

"मंग पुढच्या वर्षी मलेबी घेऊन जाजो."