सूर्याचा धूर

३० एप्रिल १९६६, शनिवार. खामगाव. कॉलेजच्या वार्षिक अंकाची शेवटची बैठक. हजर: संपादक म्हणून मी, मराठीच्या देशमुखबाई, छापखान्याचे कंपोझिटर रहीमभाई, आणि पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर सुखदेवराव, ज्यांच्या लेखापायी अंक अडला होता. आम्ही तिघे खुर्च्यांवर. सुखदेवराव भिंतीला तळहात लावून उभे.

ही त्यांची सवय. कुठल्याही खोलीत शिरले की नमस्काराआधी भिंत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चुना अजून ओला होता. पांढरा झालेला हात माझ्या हातात देत म्हणाले, "भीत ठंडी हाय तुमची. सुखाचं घर दिसते." माझी बायको आठवडाभर हसत होती.

प्रयोगशाळेत हायड्रोजनची नळी पेटवली की मुलं गुलाबी उजेडाकडे बघायची. हे बघायचे काचेकडे. "आग कोनीबी लावते जी. भीत कोन वाचवते, थे पाहा!"

त्या काळात परदेशात सूर्यासारखी आग चुंबकांच्या कोंडवाड्यात धरण्याचा खटाटोप चालू होता. बाकीचे त्या आगीवर लिहीत. सुखदेवरावांनी लेख लिहिला तिच्या धुरावर. आगीतून सुटलेला तापलेला हायड्रोजन कुठेतरी भिंतीला जाऊन लागणारच. मग भिंतीचं काय? त्यांचं उत्तर असं: सुटे अणू भिंतीवर दोन-दोन जोडले जातात. ती जोडी म्हणजे रेणू. रेणू परत धगीच्या वाटेत शिरतो, थरथरतो, धग स्वतःवर घेतो आणि तुटतो. भिंतीपर्यंत पोचतं ते निवलेलं.

एवढ्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच काही छापून येणार होतं. लिहिलं तसंच छापा, एवढीच त्यांची अट होती. आणि नेमकी तीच मला पाळता येईना. रेणू पुल्लिंगी. यांनी सगळीकडे 'ती रेणू' लिहिलेलं. मी तांबड्या पेन्सिलीनं सदतीस जागी दुरुस्त्या केल्या होत्या.

"काऊन बदललं जी?"

"व्याकरण आहे, सुखदेवराव."

"व्याकरनाले धग लागते का?"

रहीमभाई कंटाळले होते. "साहेब, एक बार तय करो. ये रेणू मर्द है के औरत?"

देशमुखबाई हसल्या. मीही हसलो. सुखदेवरावांनी भिंतीवरचा हात काढला.

"राहू द्या नं तसंच. येवढंच मांगून राह्यलो तुमाले."

मी म्हणालो, अंक कॉलेजचा आहे, लोक हसतील. ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

छापण्याआधी लेखकाची सही घ्यायची, हा माझा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त्यांसह जुळवलेलं मुद्रित घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ते बाजारात गेले होते. वहिनींनी पाणी दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं; कागदांवरून हात फिरवत म्हणाल्या, "हेच का थे? रेणूचं छापून येऊ राह्यलं म्हनत व्हते. तिचा फोटोबी लावसान का?"

"कोणाचा?"

"आमच्या पोरीचा. सहा वर्साची व्हती. गोवरानं गेली."

मी मुद्रिताची घडी घातली.

"आमी दोघंबी तापट," त्या म्हणाल्या. "मी एक बोलो, थे दोन बोलत. रेणू मधात येऊन उभी राहे. थरथर कापे, पन हटे नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि आता?"

"आता भांडन नाही होत जी. सोडवाले कोन हाय?"

सही न घेताच मी परतलो. घरी येऊन तांबडी पेन्सिल पुन्हा काढली. काम दिसतं तेवढं सोपं नाही. 'तो'ची 'ती' केली की 'शिरतो'चं 'शिरते' करावं लागतं, 'थरथरतो'चं 'थरथरते'. मी यादी केली आणि एकेका जागेवर खूण करत गेलो. छत्तीस झाल्या. शेवटच्या ओळीत 'तो तुटतो' असं आहे. तिथे 'ती तुटते' लिहायचं अजून राहिलं आहे.