हळद लागलेलं शिंगरू

मंद्रूपच्या बसलिंगप्पाची पिकलेली झुबकेदार मिशी आणि वरातीची सोनेरी घोडी, दोन्ही पंचक्रोशीत प्रसिद्ध. चौऱ्याहत्तर साली त्याने घोडीचा जोडा टेंभुर्णीच्या सोनेरी घोड्याशी लावला आणि मेव्हण्यासमोर, शिवपुत्रासमोर, मिशीला पीळ देत जाहीर केलं, "दोनी बाजूनं सोनं, पोर सोन्याचंच. न्हाय झालं तर मिशी उतरवतो."

शिंगरू झालं ते सायीसारखं. कातडी गुलाबी, डोळे निळे. देश स्वतंत्र झाल्याचं न कळलेला एखादा गोरा साहेब मंद्रूपला बदलून आल्यासारखं दिसत होतं.

शिवपुत्र दुपारच्या एस्टीने बघायला येणार होता. बसलिंगप्पाने घरातली सगळी हळद तेलात कालवून शिंगराला फासली आणि त्याच हातांनी मिशीला धीर दिला. तेवढ्यात त्याची आई पार्वतम्मा बाहेर आली.

"हळद लागली म्हंजे आता लगीन करायला पायजे याचं," ती म्हणाली. "हळदीचं अंग बिनलग्नाचं ऱ्हात न्हाय आपल्या घरात."

शिवपुत्र उतरला तो जनावरांच्या डॉक्टरांना घेऊनच. डॉक्टरांनी शिंगरावर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं, खालून साय निघाली.

"तांबडा घोडा म्हणजे कोरा चहा," डॉक्टर म्हणाले. "दुधाचा एक वाटा पडला की सोनेरी. या सोनेरी आईबापांकडे एकेक वाटा होता, पोरानं दोन्ही उचलले."

"मग पांढरा नुकरा घोडा म्हनायचा की," बसलिंगप्पा म्हणाला.

"व्यापारी म्हणतील. हा नुकरा नव्हे, सायी म्हणा. याचं तांबड्याशी जमवा, प्रत्येक पिल्लू सोनेरी."

बसलिंगप्पा उजळला. शिवपुत्राकडे तांबडं शिंगरू होतं.

"ठरलं, पावणं. आमी वरपक्ष. अन् मुलीकडच्यानं व्याह्याची मिशी मागायची नसते."

जन्मभर तो वरातीत नवऱ्याकडूनच चालला होता. दुसरी बाजू असते हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"दाजी, आमचं शिंगरू नर हाय की."

रंगाच्या गोंधळात घरच्या शिंगराची शेपटी कुणी उचलून बघितलीच नव्हती. डॉक्टरांनी उचलली.

"मादी," ते म्हणाले.

पार्वतम्माने पदर सावरला.

"मानपान काय करायचा?" बसलिंगप्पाने बारीक आवाजात विचारलं.

"काय नगं, दाजी. मुलगी अन् नारळ. रुखवतात तेवढी मिशी मांडा."

लग्नाला अख्खं मंद्रूप लोटलं. रुखवतात लाडू आणि करंज्यांच्या मधोमध, चांदीच्या ताटलीत, हळदीने सोनेरी झालेली मिशी पीळ न सोडता पडली होती.

"लई बारीक शेवया," एक बाई वाकून म्हणाली. "कुटं केल्या ओ?"

"घरच्याच हायती," पार्वतम्मा म्हणाली.